टेक्सासची डुकरे आणि भाच्याची रायफल

आपल्या बडोद्याला तोफांचे कौतुक नवे नाही. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करविल्या. त्यांचे बंधू मल्हारराव महाराज गादीवर आले, तेव्हा त्यांनी सोन्याच्या करविल्या. त्या तोफा, त्यांचे गाडे आणि ते ओढणारे बैल यांची वर्णने जुन्या घरांतून आजही ऐकावयास मिळतात. मात्र त्या तोफांनी एखाद्या कुणब्याचे शेत राखल्याचे कोणी सांगत नाही. महाग हत्यार आणि उपयोगी हत्यार या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे आपल्या शहराला इतके जवळून ठाऊक असूनही गेल्या वर्षी मला ते नव्याने शिकावे लागले. आणि तेही एका रायफलीच्या निमित्ताने.

मी गाणे शिकविणारा माणूस. १९४९ साली संस्थान विलीन झाले, त्यापूर्वीची शेवटची पाच-सहा वर्षे तीर्थरूप कलावंत खात्यात होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. तेव्हा रायफलीसारख्या विषयावर मी लिहावे, हे वाचकांना विचित्र वाटेल. पण झाले असे : दर रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री, माझ्या भाच्याची नऊ वर्षांची मुलगी टेक्सासहून पडद्यावर माझ्यापुढे येऊन बसते आणि भूपाचे अलंकार म्हणते. एके रविवारी शिकवणी संपली आणि मुलीच्या जागी भाचा येऊन बसला. म्हणाला, "मामा, समोरच्या नानांना एक विचारून ठेवाल का? डुकरांसाठी बंदूक घ्यावयाची आहे. हजार डॉलर बाजूला काढले आहेत. मित्र एक सांगतात, दुकानदार दुसरेच सांगतो."

भाच्याने ऑस्टिन शहराच्या पूर्वेस तासाभराच्या वाटेवर वीस एकर जमीन घेतली आहे. तीत पिकानची झाडे आहेत. पिकान हे तिकडचे अक्रोडाच्या जातीचे फळ. बाकी गवताचे कुरण. एका रात्रीत डुकरांच्या कळपाने त्या कुरणाचा निम्मा भाग नांगरून टाकला होता. वराहाने पृथ्वी सुळ्यावर तोलून धरली, असे आपण पुराणात ऐकतो; या मंडळींनी ती उलथीपालथी करून ठेवली होती.

ही बातमी दुपारपर्यंत आक्काच्या कानी गेली. आक्का म्हणजे भाच्याची आई, माझी थोरली बहीण. ती दांडिया बाजारातून रिक्षा करून आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "त्याला सांग, आपल्या घरात तंबोरे झाले, बंदुका झाल्या नाहीत. आणि थोरल्या काकांचे काय झाले, ते तू विसरलास वाटते?" मी विसरलो नव्हतो. ते पुढे सांगतो.

ही डुकरे आली कोठून?

अमेरिकेत मुळात डुक्कर हा प्राणीच नव्हता. १५३९ साली हेर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याने वाटेच्या शिधासाठी जिवंत डुकरे बरोबर नेली होती. पुढे आलेल्या वसाहतवाल्यांनीही डुकरे मोकळी चरावयास सोडण्याची चाल ठेवली, आणि त्यांतली कित्येक रानातच राहिली. त्यानंतर विसाव्या शतकात काही हौशी शिकाऱ्यांनी युरोपातले खरे रानडुक्कर आणून सोडले. टेक्सासमध्ये हे १९३०च्या सुमारास घडले. पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर या दोहोंची जात एकच, त्यामुळे त्यांचा संकर व्हावयास वेळ लागला नाही. आज अमेरिकेच्या तिसांहून अधिक राज्यांत मिळून ही डुकरे साठ लाखांच्या आसपास असावीत, असे मानतात. एकट्या टेक्सासमध्ये वीस लाखांहून अधिक. त्यांच्यामुळे होणारी हानी तेथील कृषिखात्याने वर्षाला दीड अब्ज डॉलरच्या घरात धरली होती, आणि नंतरचे अंदाज त्याहून चढेच आहेत.

डुकरीण सहा ते आठ महिन्यांची झाली की विण्यास योग्य होते. गर्भाचे दिवस सुमारे एकशे पंधरा. एका वेळेस चार ते सहा पिल्ले, कधी त्याहून अधिक. तिकडच्या कृषितज्ज्ञांचा हिशेब असा की, वर्षाकाठी दोन-तृतीयांश डुकरे काढली, तर संख्या जेमतेम आहे तेथे राहते. म्हणूनच २०१९ पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुकरे मारावयास शिकारीचा परवानाही लागत नाही. हंगामाचे बंधन नाही, संख्येचे नाही, रात्रीची मनाई नाही.

येथे वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आपल्याकडचे रानडुक्कर येथल्याच रानाचे आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकांची नासधूस आपल्याकडेही थोडी होत नाही. केरळ सरकारने २०२२ साली त्यासाठी ग्रामपंचायतींच्या प्रमुखांना मर्यादित अधिकारही दिले. परंतु अधिकाऱ्याच्या हुकुमावाचून डुकरावर गोळी झाडणे हा आपल्याकडे गुन्हाच आहे. तिकडचा मामला निराळा. तेथे डुक्कर परका आहे आणि कायदा शेतकऱ्याच्या बाजूला उभा आहे.

नानांचे तीन प्रश्न

आमच्या वाड्यासमोर राहणाऱ्या नानांनी नव्वदी गाठली आहे. त्यांचे वडील दरबारच्या शिकारखान्यात होते. नानांनी स्वतः १९७२चा कायदा येईपर्यंत बारा बोरच्या दुनळीने डुकरे मारली. नंतर बंदूक जमा केली आणि त्या विषयावर बोलणेही सोडले. घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणारे सरदार आणि गोरे साहेब त्यांनी लहानपणी पाहिले होते. मी भाच्याचा निरोप सांगितला, तेव्हा वाटले की आता हे एखाद्या विलायती रायफलीचे नाव घेतील. त्यांनी नाव घेतले नाही; उलट तीन प्रश्न केले.

"जमीन केवढी? डुक्कर किती अंतरावर दिसते? आणि त्याने पूर्वी कधी बंदूक हातात धरली आहे का?"

पुढच्या रविवारी मी हे तीन प्रश्न भाच्याला पोचविले. उत्तरे ऐकून त्याच्या मित्रांचे आणि दुकानदाराचे निम्मे सल्ले आपोआप गळून पडले.

वीस एकरांचा चौकोनी तुकडा धरला, तर त्याची एक बाजू सुमारे ९३० फूट भरते, म्हणजे तीनशेदहा वार. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे शिकार करताना झाडलेली गोळी आपल्या हद्दीबाहेर गेली आणि शेजाऱ्याशी तसा लेखी करार नसला, तर तो गुन्हा होतो. आणि रायफलीची गोळी तर दोन मैलांहून पुढेही जाऊ शकते. मग पाचशे वारांवर नेम धरणाऱ्या रायफलीचा आणि तशाच दुर्बिणीचा उपयोग काय? नाना म्हणाले, "त्याला म्हणावे, आधी मचाण बांध. उंचावरून खाली गोळी झाड, म्हणजे ती डुकरातून निघाली तरी मातीत जाईल. ओढ्याच्या काठाची दरड पाठीशी घे. जेथे मागे माती नाही, तेथे डुक्कर कितीही मोठे असले तरी चापाला बोट लावायचे नाही." भाच्याने मोजून पाहिले. ओढ्याकडे तोंड करून मचाण बांधले, तर डुक्कर साठ ते ऐंशी वारांवर येणार होते. रायफल घ्यायची ती या अंतरासाठी.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. भाच्याने बंदूक कधीच हातात धरलेली नव्हती.

काडतूस कोणते?

रायफलीच्या नावात जो आकडा असतो, तो बहुधा गोळीची किंवा नळीची जाडी इंचाच्या अंशांत सांगतो. मित्रांनी भाच्याला .२२३ची अर्धस्वयंचलित रायफल सुचविली होती, कारण सगळा कळप समोर असताना भराभर गोळ्या झाडता येतात. दुकानदाराने .३०८ सुचविली. ही दोन्ही काडतुसे तिकडे घरोघरी आढळतात; .३०८ हे १९५२ सालचे आणि .२२३ हे १९६४ सालचे.

.२२३ स्वस्त पडते, तिचा धक्काही थोडा. पण गोळी हलकी. मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्चेची जाड ढाल असते. नरांच्या आपसांतल्या झुंजीत सुळ्यांचे वार झेलण्यासाठी निसर्गाने ती दिली आहे. गोळी चुकीची निवडली, तर ती त्या ढालीतच फुटून राहते. उंदरा-सशांसाठी बनविलेल्या, लागताच फुटणाऱ्या गोळ्या या कामाला मुळीच नकोत. .३०८ला ढालीचे भय नाही. परंतु तिचा खांद्याला बसणारा धक्का नवशिक्याला घाबरवितो. दहा गोळ्यांनंतर माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो. एकदा ही खोड लागली की सुटणे कठीण. चुकीच्या जागी बोट पडण्याची सवय लागलेला विद्यार्थी मी रोज पाहतो, म्हणून नानांचे हे म्हणणे मला लगेच पटले.

दोहोंच्या मधले एक काडतूस आहे, .२४३. ते १९५५ साली बाजारात आले. .३०८च्याच पितळी कवचाचे तोंड निमुळते करून ते बनविलेले आहे. धक्का .३०८च्या निम्म्याच्या आसपास, आणि शंभर ग्रेनची म्हणजे साडेसहा ग्रॅमची कणखर गोळी घातली, तर ऐंशी वारांवर साठ ते नव्वद किलोच्या डुकराला ती पुरेशी होते. नाना या काडतुसाविषयी काही जाणत नव्हते, मी आकडे वाचून दाखविल्यावर एवढेच म्हणाले, "ठीक आहे. गोळी कोठे बसते, ते महत्त्वाचे."

ती कोठे बसावी, हे मात्र ते पूर्ण जाणत होते. डुकराचे काळीज हरणापेक्षा पुढे आणि खाली असते. हरणाच्या सवयीने खांद्यामागे नेम धरला, तर गोळी पोटात जाते, आणि जखमी जनावर झाडीत शिरते. ते तेथे तासन् तास तडफडते. त्याच्या मागे जाणाऱ्याचीही धडगत नसते. म्हणून डुक्कर आडवे उभे असता पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरावा, किंवा अगदी जवळ असल्यास कानाच्या मुळाशी. हे सांगताना नाना इतके हळू बोलत होते की मला पुढे वाकून ऐकावे लागले. "जनावर आपल्या हातून मरावे, आपल्या चुकीने नव्हे," असे ते म्हणाले.

स्वस्त म्हणजे हलकी नव्हे

आता रायफल. अर्धस्वयंचलित रायफलीचा मोह भाच्याने सोडला, कारण पहिली गोळी सुटताच कळप झाडीत नाहीसा होतो, आणि नवशिक्याची पळत्या डुकरावरची दुसरी-तिसरी गोळी कोठे जाईल, याचा भरवसा नसतो. राहिली हाताने खटका मागेपुढे करून काडतूस भरावयाची साधी रायफल, जिला बोल्ट-ॲक्शन म्हणतात.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या प्रकारात एक चांगला पालट झाला आहे. रूगर कंपनीची 'अमेरिकन', सॅव्हेज कंपनीची 'ॲक्सिस' अशा रायफली साधारणतः चारशे ते सहाशे डॉलरांत मिळतात. काहींबरोबर दुर्बीणही बसवून येते. कंपन्यांनी काटकसर केली ती अक्रोडाच्या दस्त्यात, झिलईत आणि नक्षीत. दस्ता प्लॅस्टिकचा आहे, खटका थोडा खडखडतो. पण नळी आणि काडतुसाचे घर आता यंत्रावर इतक्या काटेकोरपणे घडते की, शंभर वारांवर तीन गोळ्या इंच-दीड इंचात पडाव्यात, यात नवल राहिलेले नाही. डुकराच्या छातीतले मर्मस्थान वीतभर रुंद. म्हणजे रायफलीची चूक होण्याआधी माणसाचीच पुष्कळ मोठी चूक झालेली असते.

मला येथे तीर्थरूपांची आठवण झाली. एकदा एक धनिक गृहस्थ मिरजेहून हस्तिदंती नक्षीचा तंबोरा घेऊन आले होते. तीर्थरूपांनी तो छेडला, खाली ठेवला आणि शेजारचा साधा, काळवंडलेला तंबोरा उचलला. "नक्षी गात नाही, भोपळा गातो," असे म्हणून ते त्याच तंबोऱ्यावर गावयास बसले. मी भाच्याला ही गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "मामा, मग प्लॅस्टिकचा दस्ता चालेल म्हणता?" मी म्हटले, "दस्त्याची लांबी तुझ्या हाताला बसते की नाही, ते पाहा. गाल टेकल्यावर डोळा आपसूक दुर्बिणीसमोर आला पाहिजे. तंबोरा मांडीवर बसला नाही, तर सूर लागत नाही."

दुसऱ्यांच्या मुलांसाठीही एक सूचना येथेच करून ठेवतो, कारण आपल्या कित्येक घरांतली मुले तिकडे आहेत. भाचा आता तेथला नागरिक आहे, म्हणून त्याला परवानाधारक दुकानदाराकडे अर्ज भरून आणि चौकशी पार पडून रायफल मिळाली. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्यांना तेथील केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना असणाऱ्यांना त्यातून सवलत आहे. पण तसा परवाना हाती नसता मित्राची बंदूक सहज घेऊन नेम धरून पाहणेसुद्धा गोत्यात आणू शकते. हे ठाऊक नसलेली मुले पुष्कळ आहेत.

थोरले काका

आता आक्का ज्याविषयी बोलली, ते सांगतो. तीर्थरूपांचे थोरले बंधू सारंगी वाजवीत. गाण्याबरोबर त्यांना शिकारीचाही नाद होता. शिकारखान्यातल्या मंडळींशी त्यांचा घरोबा, त्यामुळे हाक्याला जाणे, मचाणावर बसणे हे वर्षानुवर्षे चालले. बंदुकीच्या आवाजाने कानात दडे बसत; ते दुसऱ्या दिवशी उतरत, म्हणून कोणी फिकीर केली नाही. काही वर्षांनी डाव्या कानात अखंड शीळ वाजू लागली. उजव्या खांद्याशी दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो, म्हणून बहुधा डावाच कान आधी जातो. हे कारण मला अलीकडे कळले. काकांना ते कोणी सांगितले नव्हते.

बंदुकीच्या बाराने प्रथम जाते ते वरच्या पट्टीतले ऐकणे. बोललेले सगळे कळते, म्हणून माणसाला आपण बहिरे होत आहोत, असे वाटतच नाही. परंतु तंबोऱ्याच्या जवारीचा जो झळाळ, तो त्या वरच्या स्वरांशातच असतो. मी पंधरा वर्षांचा असेन. सायंकाळी तीर्थरूप तंबोरा लावीत, घोडीवर दोरा सरकवीत, आणि समोर बसलेले काका विचारीत, "लागली का रे जवारी?" घरभर ती भरून राहिलेली असे. तीर्थरूप म्हणत, "लागते आहे, दादा." मग काका मान डोलवीत. सारंगी त्यांनी त्याआधीच एका शिष्याला देऊन टाकली होती.

म्हणून या बाबतीत मात्र मी नानांना विचारले नाही. मी भाच्याला स्पष्ट सांगितले की, रायफल कोणतीही घे, पण कानांची सोय पहिली. एकशे चाळीस डेसिबलच्या वरचा एकच धमाका कानाला कायमचा अपाय करू शकतो, आणि रायफलीचा बार एकशे पंचावन्न ते एकशे सत्तरपर्यंत जातो. कानात बोंडे आणि वर कर्णपट, अशी दोन्ही वापरावीत. विजेवर चालणारे कर्णपट मिळतात. त्यांतून पाचोळ्यात डुक्कर चालल्याची सळसळ ऐकू येते आणि बार होताच आवाज अडतो, म्हणजे मचाणावर ते काढून ठेवण्याचा मोह होत नाही. नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारे छिद्रांचे टोपण काही रायफलींना लावून येते. ते धक्का कमी करते खरे, पण वायू बाजूला फेकून झाडणाऱ्याच्या कानावर आवाज वाढविते. ते घेऊ नये. आवाज दाबणारी नळकांडी टेक्सासमध्ये नोंदणी करून घेता येते, परंतु तिची किंमत या रायफलीइतकी किंवा अधिक. आणि ती लावली तरी कर्णपट हवेच.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दुकानात याविषयी कोणी एक शब्द बोलले नाही, मामा."

हजार डॉलरांचा हिशेब

शेवटी जो हिशेब ठरला, तो असा. .२४३ची साधी बोल्ट-ॲक्शन रायफल, ४५० डॉलर. संधिप्रकाशात स्वच्छ दिसेल अशी मध्यम दुर्बीण, बसविण्याच्या कड्यांसह, २०० डॉलर. सगळ्या घरासाठी कर्णपट आणि बोंडे, ७५ डॉलर. कुलपाची लोखंडी पेटी, १५० डॉलर. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात राहावयाची, ही आक्काची अट. उरलेले १२५ डॉलर काडतुसांना, आणि त्यांतली बहुतेक सरावासाठी. एकूण हजार. जो पैसा तो एकट्या रायफलीवर खर्च करणार होता, त्यात सगळे बसले.

सराव त्याने दोन महिने केला. नानांचा नियम असा की, ऐंशी वारांवर वीतभर ताटलीत दहांपैकी दहा गोळ्या पडेपर्यंत डुकराकडे पाहावयाचे नाही. दर रविवारी मुलीचे अलंकार झाले की भाचा आपल्या ताटलीचे चित्र दाखवी आणि मी ते नानांना नेऊन दाखवी. सहा, सात, पुन्हा पाच, मग आठ. नववा आणि दहावा आकडा यावयास सर्वांत जास्त वेळ लागला. गाण्यातही तसेच होते.

पिंजरा

पण या कथेचा शेवट रायफलीने झाला नाही. हिवाळ्याच्या आरंभी भाच्याने मचाणावरून दोन डुकरे मारली. दोन्ही जागच्या जागी पडली. त्यानंतर तीन आठवडे कळप फिरकलाच नाही, आणि मग आला तो मध्यरात्री, दुसऱ्या टोकाने. डुक्कर हा मोठा हुशार प्राणी. एक मारले की उरलेली शिकतात, वाट बदलतात, दिवसाची रात्र करतात. एक-एक मारून दोन-तृतीयांशांचा हिशेब कधीच पुरा होत नाही. म्हणून तेथील जाणते लोक सांगतात की, कळप काढावयाचा तर एकदम सगळा. त्यासाठी लोखंडी जाळ्यांचे मोठे गोल कुंपण उभारतात, काही आठवडे दार उघडे ठेवून आत मका टाकतात, आणि लहानथोर सगळी डुकरे निर्धास्तपणे येऊ लागली की एके रात्री दार पाडतात.

तसे कुंपण एकट्याला परवडणारे नव्हते. भाच्याने शेजारच्या तिघा शेतकऱ्यांशी बोलून वर्गणीने ते उभारले. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ तीस वर्षे डुकरांशी झगडत होते. त्यांच्याकडे चार महागड्या रायफली होत्या, पण शेजाऱ्यांना एकत्र बोलाविण्याचे त्यांना कधी सुचले नव्हते. फेब्रुवारीत एका रात्री दार पडले, तेव्हा आत अकरा डुकरे होती. सकाळी त्यांना शांत करण्याचे काम भाच्याच्या रायफलीने केले. हे सांगताना त्याचा चेहरा उतरला होता. अकरांत चार पिल्ले होती. मी काही बोललो नाही. नानांना सांगितले, तेव्हा तेही काही बोलले नाहीत; थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला वाईट वाटले ना? मग बंदूक योग्य हातात आहे."

जूनमध्ये मुलीच्या शाळेला सुट्टी लागली आणि भाचा सहकुटुंब बडोद्यास आला. आक्काने त्याला दृष्ट काढूनच आत घेतले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो आमच्याकडे आला. पावसाची हवा होती, तंबोरे उतरले होते. तीर्थरूपांचा तंबोरा मी मुद्दाम त्याच्यापुढे ठेवला आणि लावावयास सांगितले. लहानपणी त्यांनीच त्याला ते शिकविले होते. त्याने खुंट्या पिळल्या, मणी सरकविले, मग घोडीवरचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे करू लागला. आक्का दाराशी उभी होती.

जवारी लागली. तो तेथेच थांबला. दोरा आणखी हलविला नाही. मुलगी जवळ सरकून बसली आणि मी तिला षड्ज लावावयास सांगितले.